पलीकडे कुणी आहे का? : त्सुनामी, फोन आणि रेडिओच्या तीन गोष्टी

एका उंच सीडरच्या झाडाच्या शेंड्यावर एक माणूस उताणा अडकला आहे. डोकं खाली लोंबतंय आणि तो बोलतोय. सलग, खेळकर, रात्री उशिराच्या कार्यक्रमातला रेडिओ जॉकी बोलतो तसा. मध्येच गाणं लावतो, श्रोत्यांच्या मेल वाचून दाखवतो, जुने विनोद सांगतो. त्याच्याकडे माईक नाही, स्टुडिओ नाही, ट्रान्समीटरही नाही. ऐकणाऱ्यांनी मनातल्या मनात त्याला ऐकायचं, एवढीच या स्टेशनची तांत्रिक अट. आपण झाडावर कसे आलो, हे त्याला नीट आठवत नाही. वाचकाला मात्र लवकरच कळतं. समुद्राचं पाणी त्या उंचीपर्यंत आलं होतं आणि मग ओसरलं. हा माणूस वरच राहिला.

सेइको इतोच्या ‘सोझो राजिओ’ या कादंबरीची ही सुरुवात. नावाचा अर्थ ‘कल्पनेचा रेडिओ’. जपानी हिप-हॉपच्या पहिल्या पिढीतला हा रॅपर, अभिनेता आणि लेखक बरीच वर्षं कादंबरीपासून दूर होता. २०११ च्या त्सुनामीनंतर दोन वर्षांनी, २०१३ मध्ये, त्याची ही छोटी कादंबरी आली. तिला नवोदितांसाठीचा नोमा साहित्य पुरस्कार मिळाला, आकुतागावा पुरस्काराच्या अंतिम यादीतही ती होती. पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची कमी नाही. मी त्यांतलीच एक. शेजारी डिक्शनरीचं अ‍ॅप उघडं ठेवून मी ती दीड महिना वाचत होते. तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात आहे. आपत्तीत तुटलेल्या फोनबद्दल आणि न थांबलेल्या आवाजाबद्दल लिहिताना लेखकानं पलीकडच्या शांततेचं काय करावं?

त्या प्रश्नासाठी इथे तीन कलाकृती शेजारी ठेवते. इतोची ही कादंबरी, लॉरा इमाई मेसिना या जपानमध्ये राहणाऱ्या इटालियन लेखिकेची ‘द फोन बॉक्स अ‍ॅट द एज ऑफ द वर्ल्ड’, आणि नोबुहिरो सुवाचा ‘काझे नो देन्वा’ म्हणजे ‘वाऱ्याचा फोन’ हा चित्रपट. तिन्हींच्या मागे एकच दिवस आहे. आधी तो दिवस.

फोन मुका झाला, रेडिओ बोलत राहिला

११ मार्च २०११, दुपारी २ वाजून ४६ मिनिटं. जपानच्या ईशान्य किनाऱ्यासमोर समुद्राखाली ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. त्यानंतरच्या त्सुनामीत १८ हजारांहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली.

भूकंप थांबताच सगळ्यांनी एकच गोष्ट केली. फोन काढला आणि घरी लावला. एवढे कॉल एकाच वेळी आले की सगळी यंत्रणा कोलमडते. म्हणून मोबाइल कंपन्यांनी स्वतःहूनच साधे कॉल अडवले. कंपनीनुसार हे प्रमाण ७० ते ९५ टक्क्यांपर्यंत गेलं होतं. रुग्णवाहिका, अग्निशमन दल, पोलीस यांच्यासाठी वाट मोकळी राहावी हा त्यामागचा हेतू. म्हणजे त्या दुपारी लाखो लोकांना फोनवर जी शांतता ऐकू आली, तिच्यातला काही भाग मोडलेल्या टॉवरचा होता, काही भाग संपलेल्या बॅटरीचा होता आणि काही भाग नियमाप्रमाणे बंद केलेल्या वाटेचा होता. फोन धरून उभ्या असलेल्या माणसाला यातलं काहीच वेगळं करता येत नाही. त्याला फक्त ‘लागत नाही’ एवढंच कळतं.

यासाठी जपानमध्ये एक सोय आहे. १७१ हा नंबर. १९९५ च्या कोबे भूकंपात फोनची अशीच दैना झाल्यावर १९९८ मध्ये ती सुरू झाली. १७१ लावायचा, निरोप ठेवायचा असेल तर १ दाबायचं, ऐकायचा असेल तर २, आणि मग घरचा नंबर. निरोपाला मिळतात ३० सेकंद. समोरच्या माणसानं फोन उचलण्याची गरजच उरत नाही. तुम्ही बोलून ठेवता, तो कधीतरी ऐकेल या भरवशावर.

रेडिओचं दुःख वेगळं होतं. वीज गेलेल्या गावांत बॅटरीवरचे छोटे रेडिओ आणि गाड्यांमधले रेडिओ चालू राहिले. पुढच्या आठवड्यांत किनाऱ्यालगतच्या नगरपालिकांनी आपत्तीपुरती छोटी एफएम स्टेशनं काढली, सुमारे ३०. आज पाण्याचा टँकर कुठे येणार, आंघोळीची सोय कुठे आहे, कुठलं दुकान उघडलं, हे ती सांगत. एनएचकेनं तर सुखरूप असलेल्यांचे आणि शोधात असलेल्यांचे निरोप तासन् तास वाचून दाखवले.

आणि मिनामिसानरिकु गावातला लाउडस्पीकर. तिथल्या आपत्ती निवारण कार्यालयात काम करणारी २४ वर्षांची एक तरुणी, लाट येतेय, उंचावर जा, असं माईकवर सांगत राहिली. पाणी तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून गेलं. त्या इमारतीत गेलेल्या ४३ जणांमध्ये ती होती. इमारतीचा लोखंडी सांगाडा अजून उभा आहे. तिचा आवाज ऐकून डोंगराकडे पळालेले लोक नंतर त्याबद्दल बोलले. आपल्याला कोण ऐकतंय, हे मात्र बोलताना तिला कळण्याची काहीच सोय नव्हती.

हा फरक पुढे लागणार आहे. फोनवर बोलणाऱ्याला उत्तर हवं असतं. उत्तर नाही आलं तर ते बोलणं फुकट गेलं असं वाटतं. रेडिओवर बोलणारा मुळात उत्तराशिवायच बोलतो. समोर माणूस आहे असं धरून चालणं हा त्याच्या कामाचाच भाग असतो. दोघांची शांतता सारखी नसते.

ऐकू न येणं ही चांगली बातमी

इतोनं रेडिओ निवडला, याचं कारण मला इथे दिसतं. रेडिओवाल्यांच्या भाषेत प्रक्षेपणातल्या शांततेला ‘डेड एअर’ म्हणतात आणि काही सेकंदांचा डेड एअरसुद्धा जॉकीला परवडत नाही. झाडावरचा डीजे आर्क म्हणूनच थांबत नाही. त्याची बडबड पहिल्या पाच-दहा पानांत मला खटकली होती. इतकी माणसं मेली असताना हे विनोद कसले? पण थोडं पुढे गेल्यावर त्या बडबडीखालची भीती ऐकू यायला लागते. तो थांबला तर उरेल ती खरी शांतता, आणि तिचा अर्थ त्याला लावायचा नाहीये.

त्याला मेल पाठवणारे, त्याच्याशी बोलणारे श्रोते हळूहळू कोण आहेत ते कळत जातं. त्यातले बरेच त्याच्यासारखेच आहेत. पाण्यात गेलेले, आणि आपलं काय झालं हे अजून पुरतं न उमगलेले. आर्कला मात्र एकाच श्रोत्याची वाट आहे. त्याच्या बायकोची. तिची मेल येत नाही. तो तिच्यासाठी गाणी लावतो, तिला हाक मारतो, तरीही नाही. आणि मग कादंबरी तिची सगळ्यात धारदार गोष्ट करते. मेलेल्यांना हा रेडिओ ऐकू येतो. बायकोला ऐकू येत नसेल, तर ती बहुधा जिवंत आहे.

ज्या शांततेला आपण सगळ्यात जास्त घाबरतो, तीच इथे आशेची खूण होते. मला हे केवळ चतुर वाटलं नाही, याचं एक कारण माझ्या घरात आहे.

२२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा माझी मावशी तिथे एकटी होती. सकाळी नऊच्या सुमारास तिचा मेसेज आला की पाणी पायरीला लागलंय. त्यानंतर काही नाही. आम्ही पुण्यात बसून फोन लावत होतो आणि एक बाई नम्रपणे सांगत होती की आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती उपलब्ध नाही. फॅमिली ग्रुपवर सोळा जण होते आणि सगळे तिला वेगवेगळे मेसेज पाठवत होते. प्रत्येकाखाली एक टिक. रात्र गेली, दुसरा दिवस उजाडला, एकच टिक. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या मेसेजखाली दोन टिक उमटल्या आणि आई ढसाढसा रडली. वास्तविक दोन टिकांचा अर्थ एवढाच की तो फोन कुठेतरी चालू होऊन रेंजमध्ये आला. फोन कुणाच्या हातात आहे, हे टिक सांगत नाही. मावशीचा आवाज त्यानंतर दोन तासांनी ऐकला. ती शेजाऱ्यांच्या माळ्यावर होती, आणि पहिलं वाक्य होतं, “अगं, गॅसची टाकी वाहून गेली.”

त्या दीड दिवसात आम्हाला शांततेचा एकच अर्थ सुचत होता. इतोची कादंबरी त्या शांततेत दुसऱ्या अर्थाला जागा करते. तिथे खोटा दिलासा नाही, कारण आर्कसाठी ती बातमी वाईटच आहे. बायको जिवंत आहे याचा अर्थ तो नाही. एकाच शांततेत तिचं असणं आणि त्याचं नसणं, दोन्ही बसतं. आपत्तीवरच्या साहित्यात इतका कठीण हिशोब इतक्या साधेपणानं मांडलेला मी क्वचितच वाचला आहे.

कादंबरीची दुसरी मोठी गोष्ट म्हणजे तिनं स्वतःवरचा आरोप स्वतःच्याच पानांवर मांडला आहे. दुसऱ्या प्रकरणात एस नावाचा लेखक काही स्वयंसेवकांबरोबर आपत्तीग्रस्त भागातून रात्री गाडीनं टोकियोला परतत असतो. त्या झाडावरच्या माणसाचा आवाज काहींना ऐकू येतो अशी चर्चा निघते. तेव्हा एक तरुण स्वयंसेवक चिडतो. बाहेरून आलेल्या आपण मेलेल्यांचे आवाज कल्पायचे, हा कुठला अधिकार? आपण जिवंतांना मदत करावी, मेलेल्यांबद्दल गप्प बसावं. हा मुद्दा लेखकानं कच्चा ठेवलेला नाही. तो वाचताना मला त्या मुलाचंच पटत होतं. एसकडे त्याला गप्प करणारं उत्तर नाही. तो हिरोशिमा, टोकियोवरचे बॉम्बहल्ले यांची आठवण काढतो. मेलेल्यांना घाईनं मागे टाकून पुढे जायची या देशाला सवय लागली आहे का, असा प्रश्न विचारतो. वाद सुटत नाही, गाडी पुढे जाते.

तक्रार चौथ्या प्रकरणाबद्दल आहे. तिथे एस आणि त्याची मेलेली प्रेयसी यांचा संवाद आहे. तो नाजूक आहे, पण हजारोंच्या मृत्यूवरून कादंबरी एकदम दोघांच्या खासगी गोष्टीवर येते. शिवाय तिथे पलीकडून उत्तर येतं. हवं तेव्हा, हवं तसं. आर्कच्या वाट्याला जे सहज आलं नाही, ते लेखकाच्या वाट्याला इतकं सहज का यावं? गाडीतल्या त्या चिडलेल्या मुलाला हे प्रकरण वाचायला दिलं असतं, तर त्यानं पुस्तक मिटलं असतं.

तार नसलेला फोन

ओत्सुची हे इवाते प्रांतातलं किनाऱ्यावरचं छोटं गाव. तिथल्या टेकडीवरच्या बागेत एक पांढरी फोनबूथ आहे. आत काळा, डायल फिरवायचा जुना फोन. त्याची तार कुठेच जात नाही. हा वाऱ्याचा फोन. चुलतभाऊ कर्करोगानं गेल्यावर त्याच्याशी बोलता यावं म्हणून इतारू सासाकी यांनी तो बसवायला घेतला, २०१० च्या अखेरीस. म्हणजे त्सुनामीच्या आधी. आंतरजालावरच्या बऱ्याच पोस्टमध्ये हा तपशील गळतो आणि तो फोन त्सुनामीसाठीच बांधला असं वाचायला मिळतं. मला हा तपशील महत्त्वाचा वाटतो. एका माणसानं एका माणसासाठी केलेली खासगी सोय काही महिन्यांनी अख्ख्या किनाऱ्याला लागली. ओत्सुचीनं त्या दिवशी आपल्या वस्तीतला दहातला जवळपास एक माणूस गमावला. लोक टेकडी चढून येऊ लागले. आतापर्यंत ३० हजारांहून अधिक लोक तिथे येऊन गेले आहेत.

मेसिनाच्या कादंबरीची नायिका युई टोकियोत रेडिओवर कार्यक्रम करते. त्सुनामीत तिची आई आणि लहान मुलगी गेली. एका कार्यक्रमात एक श्रोता या फोनबद्दल सांगतो आणि ती शोधत निघते. वाटेत ताकेशी नावाचा डॉक्टर भेटतो. त्याची बायको गेली आहे आणि तेव्हापासून मुलगी बोलत नाही. दोघं टोकियोहून पुन्हा पुन्हा त्या बागेत जायला लागतात.

या पुस्तकात मला आवडलेली गोष्ट म्हणजे युई इतक्या लांब जाते, पण बराच काळ बूथमध्ये पाऊल टाकत नाही. ती बागेत फिरते, वारा खाते, इतरांना आत-बाहेर करताना पाहते. ज्या बाईचा रोजचा धंदाच आवाजाचा आहे, तिला रिसीव्हर उचलता येत नाही. यात एक मोठी कादंबरी दडलेली होती. रेडिओवर हजारो अनोळखी लोकांशी रोज बोलणं जमतं आणि आपल्या दोन माणसांशी एक शब्द बोलणं जमत नाही, असं का होतं? फोन आणि रेडिओ यांतला तो मघाचा फरक एकाच बाईच्या गळ्यात अडकला आहे.

लेखिका तिथपर्यंत जाते आणि वळते. रेडिओ उरतो तो मुख्यतः फोनकडे नेणारी पाऊलवाट म्हणून. पुढची कथा दुःखाला बरं होण्याच्या रस्त्यावर लावते. बागेत येणाऱ्या प्रत्येकाची छोटी गोष्ट आहे, आणि बहुतेक जण बूथमधून थोडे हलके होऊन बाहेर पडतात. एखादा तरी माणूस रिसीव्हर ठेवून चिडून निघून जावा, हा काय मूर्खपणा म्हणून, असं मला वाटत राहिलं. तीस हजारांत असा एकही नसेल?

मेसिनाची बाजूही घ्यायला हवी. मुख्य प्रकरणांच्या मधे तिनं छोट्या छोट्या याद्या ठेवल्या आहेत, घरातल्या साध्या वस्तूंच्या, रोजच्या तपशिलांच्या. त्या याद्यांमध्ये पुस्तकातलं सगळ्यात खरं दुःख आहे, कारण तिथे कुणी कुणाला समजावत नाही. आणि ही पर्यटनाची जागा नव्हे, असं ती वाचकाला बजावून सांगते. तरीही पुस्तकाचा एकूण सूर पर्यटकाला ऐकू येईल असाच आहे. दूरचा शहाणा देश, वारा, बाग, आणि जखम भरते. जगभर आता अशा फोनच्या प्रतिकृती उभ्या राहिल्या आहेत. त्यांनी कुणाला बरं वाटत असेल तर चांगलंच आहे. पण साहित्यानं औषधाचं काम पत्करलं की त्याला रुग्ण बरा होताना दाखवावाच लागतो.

एका बाजूचं बोलणं

सुवाचा चित्रपट २०२० चा. हारू नावाच्या शाळकरी मुलीचे आई, वडील आणि धाकटा भाऊ ओत्सुचीच्या लाटेत गेले. ती हिरोशिमाजवळ कुरे इथे मावशीकडे राहते. मावशी अचानक कोसळते आणि हॉस्पिटलमध्ये जाते. हारू निघते, अनोळखी लोकांच्या गाड्यांना हात करत, हजार किलोमीटरहून जास्त अंतर कापून, आपल्या गावाकडे.

हा चित्रपट सगळ्यांना आवडेल असा नाही. दोन तासांहून मोठा आहे, आणि मध्ये काही प्रसंग रेंगाळतात. वाटेत भेटणारा प्रत्येक जण हारूला जेवायला घालतो आणि जगण्याबद्दल काहीतरी सांगतो. तिसऱ्या जेवणानंतर मला या शहाणपणाचा थोडा कंटाळा आला. पण दिग्दर्शकाची नजर फक्त त्सुनामीवर नाही, हे त्या रेंगाळण्यातूनच कळतं. प्रवास सुरू होतो तो २०१८ च्या पुरानं आणि दरडींनी उद्ध्वस्त केलेल्या भागातून. पुढे एक कुर्द कुटुंब भेटतं, ज्यांच्या घरातला माणूस इमिग्रेशनच्या कोठडीत आहे. तो जिवंत आहे, त्याच देशात आहे, आणि तरीही घरच्यांपासून तुटलेला आहे. त्या घरात वाऱ्याच्या फोनचा विषय निघत नाही, पण पलीकडे माणूस असून संपर्क नसणं म्हणजे काय, हे त्या जेवणाच्या टेबलावर दिसतं. ही जोड मेसिनाच्या पुस्तकात नाही. तिथलं दुःख देखणं आहे आणि त्याला सरकार, कायदा, कोठडी यांचा स्पर्श नाही.

आणि मग शेवट. हारू बूथमध्ये जाते, रिसीव्हर उचलते आणि बोलायला लागते. दृश्य लांबलचक आहे, आणि ती भूमिका करणारी सेरेना मोतोला बोलताना अडखळते, थांबते, पुन्हा सुरू करते. पाठ केलेले संवाद असे अडखळत नाहीत. ती रागावते, विचारते, सांगते, आणि शेवटी आपण जगणार आहोत असं त्यांना कळवते. आपल्याला फक्त तिची बाजू ऐकू येते. पलीकडे काही उमटत नाही. चित्रपटाला ते करता आलं असतं. एखादा आवाज, भावाची एखादी हाक, स्मृतीतलं एक दृश्य. ते करायचं नाही हा निर्णय मला या तिन्ही कलाकृतींमधला सगळ्यात धाडसी वाटतो. कारण प्रेक्षक थिएटरात बसून नेमकं तेच मागत असतो.

इथे फोनचा रेडिओ होतो. हारूला उत्तर येणार नाही हे माहीत आहे आणि ती उत्तराशिवाय बोलायला शिकते, झाडावरच्या आर्कसारखी, लाउडस्पीकरसमोरच्या त्या मुलीसारखी. ऐकणारा आहे असं धरून. जपानीत फोन उचलल्यावर ‘मोशी मोशी’ म्हणतात. बोलते, बोलते, असा त्याचा मुळातला अर्थ. ऐकू येतंय का, असं त्यात कुठेही विचारलेलं नाही.

आपल्या हातातला फोन

हे सगळं जपानचं आहे. पण ते वाचणारे आपण ज्या फोनवर वाचतो आहोत, त्यालाही हा प्रश्न लागू आहे. जपानमध्ये सगळ्यात जास्त वापरलं जाणारं ‘लाइन’ हे मेसेजिंग अ‍ॅप त्या भूकंपानंतर अवघ्या तीन महिन्यांत, जून २०११ मध्ये आलं. फोन लागत नसताना निरोप पोहोचावा ही गरज तेव्हा सगळ्यांनीच अनुभवली होती. ‘वाचलं’ अशी खूण, निळ्या टिका, ‘लास्ट सीन’, यांनी आपल्याला एक सवय लावली आहे. पलीकडची शांतता आपल्याला आता तासाभरासाठीसुद्धा सहन होत नाही. कुणी ऑनलाइन असून उत्तर देत नाही यावरून भांडणं होतात. मग जेव्हा खरोखर पूर येतो, टॉवर पडतो, बॅटरी संपते, तेव्हा त्या शांततेत बसायचं कसं, हे आपल्यापैकी कुणालाच येत नाही. अशा वेळी पसरतात त्या अफवा. एकच टिक पाहत बसलेल्या आमच्या ग्रुपवर त्या रात्री धरण फुटल्याचा मेसेज तीनदा फिरला. धरण शाबूत होतं.

म्हणून आपत्तीवरच्या साहित्याकडे मी आता एकच गोष्ट शोधते. लेखकाला पलीकडची शांतता सोसते का? मेसिनाला ती भरून काढायची घाई आहे, त्यामुळे तिचं पुस्तक वाचताना बरं वाटतं आणि काही दिवसांनी पुसट होतं. इतो तिच्यात दोन विरुद्ध अर्थ एकत्र ठेवतो. एका प्रकरणात त्याचा हात सैल सुटला, तरी बाकीची कादंबरी माझ्या डोक्यातून जात नाही. सुवा तिला हातच लावत नाही. फक्त एका मुलीला तिच्यासमोर उभं करतो आणि कॅमेरा चालू ठेवतो.

यातलं एकच काही बघायला वेळ असेल, तर चित्रपटाचा शेवट बघा, पण आधीचा सगळा रेंगाळणारा रस्ता चालून. तो रस्ता टाळला तर शेवटचा फोन नुसता रडवेल, आणि रडवणं सोपं असतं.

जपानमधल्या १७१ या सेवेबद्दल एक तपशील अजून सांगायचा राहिला. ती एरवी बंद असते, पण दर महिन्याच्या १ आणि १५ तारखेला सरावासाठी उघडते. काहीही झालेलं नसताना लोक त्या दिवशी नंबर लावून ३० सेकंदांचा निरोप ठेवू शकतात, आणि घरातलं दुसरं कुणी तो ऐकू शकतं. त्या निरोपांत काय असतं, याची मी बरेचदा कल्पना करते. बहुधा काही विशेष नसणार. मी ठीक आहे. इथे पाऊस आहे. येताना दूध आण.